वेशभूषा-अभिकल्पातील प्रेरणास्रोत

मानवी शरीरावर धारण करावयाची वस्त्रे व त्यांना पूरक अलंकरण यांची पूर्वयोजना करण्याच्या कलेस वेशभूषा-अभिकल्प म्हणतात. व्यवहारात ही कला ‘फॅशन डिझाइन’ या नावाने परिचित आहे. वस्त्राचा पोत, रंग, आकृतिबंध, बेत व शिलाई या पाच घटकांचा मेळ घालून नवा वेश सिद्ध करणे, हे अभिकल्पकाचे कार्य होय. या नवतेचे बीज त्याला जेथून लाभते, त्या वस्तू, दृश्य, परंपरा, तंत्र किंवा विचार यांस प्रेरणास्रोत अशी संज्ञा आहे. निसर्ग, इतिहास व पुराणवस्तू, लोकसंस्कृती, ललितकला, वस्त्रद्रव्य आणि विणकामाचे तंत्र हे प्रमुख प्रेरणास्रोत मानले जातात. प्रस्तुत नोंदीत या स्रोतांचे स्वरूप, त्यांच्यापासून अभिकल्पापर्यंतची प्रक्रिया आणि प्रेरणा व अनुकरण यांमधील भेद यांचे विवेचन केले असून, दृष्टांतादाखल गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा परिसर घेतला आहे.

प्रेरणेचे स्वरूप : प्रेरणा ही अकस्मात होणारी दैवी कृपा होय, अशी समजूत रूढ असली, तरी अभ्यासकांना ती मान्य नाही. मम्मटाने अकराव्या शतकातील काव्यप्रकाश या ग्रंथात काव्याचे कारण म्हणून शक्ती, निपुणता व अभ्यास या तिहींचा एकत्रित निर्देश केला आहे. यांपैकी शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता म्हणजे लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या अवलोकनाने येणारी व्युत्पन्नता आणि अभ्यास म्हणजे जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली केलेला सराव. इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस याने १९२६ मध्ये सर्जनप्रक्रियेच्या चार अवस्था मांडल्या : पूर्वसिद्धता, परिपाक, स्फुरण व पडताळणी. दोन्ही मतांतील समान सूत्र असे, की स्फुरणाच्या क्षणापूर्वी दीर्घ काळ साठवण झालेली असते. ज्याने धाग्याचा पीळ बोटांनी पारखलेला नाही, त्याला धाग्यापासून काही सुचण्याचा संभव अल्प असतो. म्हणूनच वेशभूषा-अभिकल्पाच्या शिक्षणात क्षेत्रभेट, रेखाटन व नमुनासंग्रह यांना महत्त्वाचे स्थान आहे.

ऐतिहासिक उदाहरणे : यूरोपीय वेशभूषेच्या इतिहासात प्रेरणास्रोत स्पष्टपणे सांगता येतील अशी अनेक उदाहरणे आहेत. मारिआनो फोर्तूनी याने १९०७ च्या सुमारास व्हेनिस येथे तयार केलेला, बारीक चुण्यांचा रेशमी ‘डेल्फॉस’ झगा प्राचीन ग्रीक शिल्पांतील वस्त्रांवरून सुचलेला होता. तथापि फोर्तूनीने शिल्पातील आकृती कापडावर छापली नाही. दगडात कोरलेल्या चुण्या कापडात टिकून कशा राहतील, या तांत्रिक प्रश्नाचे उत्तर त्याने शोधले. क्रिस्तीआन दिओर याने १९४७ च्या आपल्या पहिल्या संग्रहात फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे उमलणारा घेर योजला. ईव्ह सँ लोराँ याच्या १९६५ मधील झग्यांमध्ये पीट मोंद्रिआन या डच चित्रकाराच्या चित्रांतील काळ्या रेषा व रंगीत चौकोन आढळतात. परंतु ते रंगखंड छापलेले नसून निरनिराळ्या कापडांचे तुकडे जोडून साधलेले होते, त्यामुळे शरीराला आकार देणारी शिवण त्या रेषांतच सामावली गेली.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण भानू अथैया (१९२९–२०२०) यांचे होय. त्यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला व कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. आम्रपाली (१९६६) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. गांधी (१९८२) या चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. या दोन चित्रपटांत स्रोताचा उपयोग भिन्न रीतींनी झालेला आहे. आम्रपाली ही गौतम बुद्धाची समकालीन, तर अजिंठ्याची बहुतेक चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. म्हणजे दोहोंत सुमारे एक हजार वर्षांचे अंतर आहे. तेथे चित्रे ही ऐतिहासिक पुरावा म्हणून नव्हे, तर सौंदर्यदृष्टीचा स्रोत म्हणून उपयोगात आली. गांधी चित्रपटात मात्र छायाचित्रे व हयात व्यक्तींच्या आठवणी उपलब्ध असलेल्या कालखंडाशी प्रामाणिक राहणे अगत्याचे होते. स्रोत कोणत्या नात्याने स्वीकारला आहे, हे अभिकल्पकाने आरंभीच ठरविणे आवश्यक असते, ते यासाठीच.

दरेकसा परिसर : दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील गाव मुंबई–हावडा लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेलगत वसलेले आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. गावाभोवती डोंगर व पानझडी वने असून जवळच हाजरा धबधबा व कचारगडची गुहा आहे. वस्त्रनिर्मितीचे मोठे केंद्र म्हणून दरेकसा प्रसिद्ध नाही. तथापि निसर्ग, लोकसंस्कृती, वस्त्रद्रव्य व तंत्र हे चार स्रोत या गावात व त्याच्या भोवतालच्या गोंदिया–भंडारा प्रदेशात एकमेकांच्या निकट आढळत असल्याने विषयाच्या स्पष्टीकरणास हा परिसर उपयुक्त ठरतो.

निसर्ग : निसर्गापासून रंग, रेषा, पोत व रचना या चारही गोष्टी घेता येतात. या प्रदेशातील पळस फाल्गुनात निष्पर्ण असतानाच केशरी फुलांनी भरून जातो. ऐनाची भेगाळलेली करडी साल, मोहाची तांबूस कोवळी पालवी, पावसाळ्यातील धानाची बांधी आणि जिल्ह्यातील पाणथळ भागात आढळणारा, राखी पिसांचा व तांबड्या मानेचा सारस पक्षी यांतून ऋतुमानानुसार बदलणाऱ्या रंगसंगती मिळतात. सारसाच्या बाबतीत लक्षणीय गोष्ट रंगांच्या प्रमाणाची आहे : राखी क्षेत्र विस्तृत व तांबडे अल्प, पण तेही मस्तकाजवळ एकवटलेले. हेच प्रमाण राखी पोशाख व तांबडी गळपट्टी यांत उतरविल्यास पक्ष्याचे चित्र न काढताही त्याचा प्रत्यय येऊ शकतो.

निसर्ग हा केवळ पाहण्याचा नव्हे, तर प्रत्यक्ष रंगद्रव्यांचाही स्रोत आहे. पळसाच्या फुलांचा काढा तुरटीने संस्कारित केलेल्या कापडाला पिवळा रंग देतो. हिरड्यातील टॅनिन हे रंगबंधक म्हणून उपयोगी पडते व लोहक्षारांच्या संयोगाने त्यापासून काळपट छटा मिळतात. पळस व कुसुम या वृक्षांवर पोसल्या जाणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून तांबडे रंगद्रव्य निघते. एकाच वनातील द्रव्यांनी रंगविलेली वस्त्रे परस्परांशी सहसा विसंगत दिसत नाहीत. या रंगांच्या छटा मृदू व मिश्र असतात, हे त्याचे एक कारण होय.

धबधब्यासारख्या दृश्याचा उपयोग करताना नवशिका अभिकल्पक बहुधा त्याचे छायाचित्र कापडावर छापण्याचा मार्ग पत्करतो. त्याऐवजी दृश्यातील क्रियेचा विचार केल्यास अधिक शक्यता दिसू लागतात. पाणी कड्यावर एकसंध असते, उतरताना धारांत विभागते व तळाशी तुषारांत विखुरते. खांद्याशी सपाट, कमरेखाली चुण्यांचा आणि किनारीशी सुटे धागे सोडलेला वेश हे या क्रियेचे वस्त्ररूप ठरू शकेल.

लोकसंस्कृती : कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. गोंड परंपरेनुसार येथील गुहेत कोंडलेल्या कली कंकालीच्या मुलांची मुक्तता झाली व पारी कुपार लिंगो याने त्यांना कोया पुनेम या धर्ममार्गाची शिकवण दिली. या कथेत जंगो रायताड ही माता आणि हिरासुका पाटालीर हा वादक यांनाही महत्त्वाचे स्थान आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या येथील यात्रेस महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण इ. राज्यांतून भाविक येतात. सप्तरंगी ध्वज, पिवळे फेटे व उपरणी, मोरपिसांची शिरोभूषणे, नाण्यांच्या माळा व वृद्ध स्त्रियांच्या अंगावरील गोंदण यांमुळे यात्रेला विशिष्ट दृश्यरूप प्राप्त होते.

अशा स्रोताचा उपयोग करताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली गोष्ट अर्थाची. गोंड समाजाची कुळे त्यांच्या देवसंख्येनुसार विभागलेली असून विवाहसंबंध त्यानुसार ठरतात. कुळांची प्राणी, पक्षी व वृक्ष ही कुलचिन्हे असतात व त्यांना इजा न करण्याचा दंडक असतो. त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला जी आकृती केवळ शोभेची वाटते, ती समाजाच्या दृष्टीने नात्याची किंवा श्रद्धेची खूण असू शकते. ध्वजाचे रंग पादत्राणांवर योजणे हे म्हणूनच केवळ अभिरुचीचे प्रकरण राहत नाही.

दुसरी गोष्ट स्थानाची. ‘गोंड चित्रकला’ या नावाने साड्या व उपरण्यांवर सध्या विपुल छापली जाणारी, ठिपके व बारीक रेषांनी भरलेली प्राण्यांची चित्रे ही मुख्यत्वे मध्य प्रदेशातील मंडला–दिंडोरी भागातील परधान गोंड कलावंतांच्या शैलीतील आहेत. पाटनगढचे जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांनी भोपाळच्या भारत भवनाच्या आश्रयाने १९८० नंतरच्या दशकात ही शैली कागदावर व कापडावर विकसित केली. ती दरेकसा परिसराची पारंपरिक शैली म्हणून वापरणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘आदिवासी’ या एकाच सदरात सर्व काही समाविष्ट करणारा अभिकल्पक प्रत्येक ठिकाणचे वेगळेपण गमावतो. आणि वेगळेपण हाच तर त्याच्या शोधाचा विषय असतो.

वस्त्रद्रव्य : या प्रदेशाचे वैशिष्ट्यपूर्ण वस्त्रद्रव्य म्हणजे टसर रेशीम, स्थानिक भाषेत त्यास कोसा म्हणतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर अँथेरिया मायलिटा या पतंगाच्या अळ्या वाढविल्या जातात. हे काम प्रामुख्याने ढीवर समाजातील कुटुंबे करीत आली आहेत. तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे ही अळी घरात ट्रेवर वाढत नाही. उघड्या वनातील झाडावरच ती पोसली जाते. त्यामुळे पक्षी, मुंग्या व परोपजीवी कीटक यांपासून तिचे रक्षण करण्यासाठी पालकास दिवसभर राखण करावी लागते. पूर्ण वाढलेली अळी फांदीला चिवट देठाने लोंबणारा टणक कोश विणते. कोश क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ करतात व मग त्यांचा धागा काढतात. पूर्वी स्त्रिया हा धागा मांडीवर घासून पीळ देत काढीत. ही पद्धत कष्टदायक व त्वचेस इजा करणारी असल्याने तिच्या जागी ‘बुनियाद’ या नावाची यंत्रे देण्याचा कार्यक्रम केंद्रीय रेशीम मंडळाने हाती घेतला.

टसरचा धागा जाडसर, सच्छिद्र व किंचित असमान असतो. त्याचा नैसर्गिक रंग फिकट मधापासून तांबूस करड्यापर्यंत बदलतो. तुतीच्या रेशमासारखी झुळझुळ त्यात नसते. कापड काहीसे ताठ राहते. हे गुणधर्म दोष मानले, तर अभिकल्पक त्यावर गडद रंग चढवून व कापड मऊ करून त्याला दुसऱ्या रेशमाची नक्कल बनवितो. तेच गुणधर्म आरंभबिंदू मानले, तर बंडी, अंगरखा, सदरा अशा आकार धरून ठेवणाऱ्या पोशाखांना हे कापड योग्य असल्याचे दिसून येते आणि न रंगविलेल्या धाग्याच्या छटाच रंगयोजना ठरवितात. द्रव्यापासून निघालेली प्रेरणा अशी बहुधा निर्बंधाच्या रूपाने येते.

तंत्र : टसरवर आधारलेले विदर्भाचे प्रसिद्ध वस्त्र म्हणजे करवतकाठी साडी. नागपूर–भंडारा भागातील कोष्टी विणकर ती हातमागावर विणतात. तिच्या काठाच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. साडीचे अंग व दोन काठ यांसाठी तीन स्वतंत्र धोटे वापरतात व अंगाचा आडवा धागा काठाच्या आडव्या धाग्याशी सांध्यावर गुंतविला जातो. त्यामुळे काठाचा रंग अंगात मिसळत नाही व दाते स्पष्ट उमटतात. या कामास वेळ अधिक लागतो. करवतकाठी साडी व कापड यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

या तंत्राचे परिणाम अभिकल्पावर होतात. करवतीचे दाते हे पृष्ठभागावर चिकटविलेले अलंकरण नसून कापडाच्या घडणीचा भाग आहेत. साडी मनास येईल तशी कापून तिचे कपडे शिवले, तर सांधा तुटतो व काठाचा अर्थही नाहीसा होतो. उलट काठ कोठे येणार हे प्रथम ठरवून, म्हणजे बाहीचे टोक, पुढील उघडी बाजू किंवा घेराची कड ठरवून, त्याप्रमाणे विणकराकडून लांबी-रुंदी बांधून घेतल्यास कापड वाया जात नाही व काठ आपले काम करतो. अशा वेळी विणकर हा केवळ माल पुरविणारा राहत नाही; अभिकल्पाच्या निर्णयात तो सहभागी होतो. हातमाग विणकर व प्रशिक्षित अभिकल्पक यांना एकत्र आणण्याच्या हेतूने भारतात १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था (१९६१) व राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (दिल्ली, १९८६, मुंबई केंद्र, १९९५) यांच्या अभ्यासक्रमांतही हस्तव्यवसाय-समूहांत राहून अभ्यास करण्याची तरतूद आहे.

स्रोतापासून अभिकल्पापर्यंत : या वाटचालीचे सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतात. (१) निरीक्षण : एकाच विषयाकडे निरनिराळ्या वेळी व अंतरांवरून पाहणे. (२) नोंद : रेखाटने, रंगपट्टिका, कापडाचे व सालीचे नमुने, स्थानिक नावे व माहिती देणाऱ्यांचे म्हणणे लिहून ठेवणे. छायाचित्र उपयुक्त असले, तरी रेखाटनामुळे काय घ्यावे व काय वगळावे याची निवड तेथल्या तेथे होते. (३) संकल्पनाफलक : जमविलेले साहित्य एका फलकावर मांडून त्यातील समान धागा शोधणे. (४) अमूर्तीकरण : मूळ रूपातील आनुषंगिक तपशील गाळून रेषा, प्रमाण किंवा लय एवढेच शिल्लक ठेवणे. (५) रूपांतर : ते तत्त्व विणकर, भरतकाम, छपाई, बेत किंवा शिवण यांपैकी कशात उतरवावे हे ठरविणे. (६) पडताळणी : साध्या सुती कापडाचा कच्चा नमुना अंगावर चढवून चालताना, बसताना व हात उचलताना तो कसा वागतो हे पाहणे. यांतील चौथा व पाचवा टप्पा वगळल्यास प्रेरणेची परिणती नकलेत होते.

प्रेरणा व अनुकरण : दुसऱ्याच्या निर्मितीपासून किती घ्यावे, या प्रश्नाचा सूक्ष्म विचार राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास काव्यमीमांसा या ग्रंथात केला आहे. अर्थहरणाचे त्याने चार प्रकार सांगितले : प्रतिबिंबकल्प, म्हणजे अर्थ तोच व केवळ मांडणी निराळी, आलेख्यप्रख्य, म्हणजे थोड्या संस्काराने निराळा भासणारा, तुल्यदेहितुल्य, म्हणजे वस्तू भिन्न असूनही अतिसादृश्याने एकरूप वाटणारा, आणि परपुरप्रवेशसदृश, म्हणजे मूळ एकच, पण रचना सर्वस्वी भिन्न असलेला. वस्त्रकलेस हे वर्गीकरण चांगले लागू पडते. करवतकाठीची नक्षी यंत्रमागाच्या कृत्रिम कापडावर छापणे हे प्रतिबिंबकल्प होय. काठ मूळ तंत्राने विणून घेऊन त्याची योजना नव्या वेशात करणे किंवा दोन रंगक्षेत्रे एकमेकांत न मिसळता गुंतविण्याचे तत्त्व शिवणकामात आणणे हे चौथ्या प्रकारात येईल.

अनुकरणाचा प्रश्न आर्थिकही आहे. जॉन फोर्ब्ज वॉटसन याने १८६६ मध्ये भारतीय कापडाचे ७०० नमुने प्रत्यक्ष चिकटविलेल्या १८ खंडांचे २० संच सिद्ध केले. त्यांतील १३ संच ब्रिटनमध्ये व ७ भारतात ठेवण्यात आले. भारतीयांना कोणते कापड रुचते हे ब्रिटिश गिरणीमालकांना कळावे व त्यांनी तसा माल बनवावा, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. आज हे खंड अभ्यासकांना बहुमोल वाटतात; परंतु त्यांत विणकरांची नावे नाहीत, आणि ज्यांचे कापड नमुना म्हणून घेतले गेले, त्यांच्याच बाजारपेठेत त्या नमुन्यावरून बनविलेला गिरणीचा माल स्पर्धेस उतरला. काश्मिरी शालीवरील कोयरी आज जगभर स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावाच्या नावाने ओळखली जाते, याचेही कारण त्या गावी झालेले शालींचे यांत्रिक अनुकरण हेच होय.

विद्यमान कायद्यांनी या बाबतीत काही संरक्षण दिले आहे. अभिकल्प अधिनियम, २००० अन्वये नोंदलेल्या नव्या अभिकल्पास प्रथम १० वर्षे व मुदतवाढीने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. परंपरागत नक्षी ‘नवी’ नसल्यामुळे तिला या कायद्याचा उपयोग होत नाही. वस्तूंचे भौगोलिक निर्देशक (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ हा २००३ पासून अंमलात आला. त्याखाली पैठणीस २०१० मध्ये नोंदणी मिळाली. हे संरक्षण नावाला असते, आकृतीला नव्हे : नोंदणीकृत नाव न वापरता करवतीचे दाते छापणाऱ्यास या कायद्याने सहसा अडविता येत नाही. म्हणून मूळ स्थानाचा व कारागिरांचा स्पष्ट उल्लेख, धार्मिक चिन्हांबाबत समाजाची संमती व मोबदल्यातील वाटा या गोष्टी आजही मुख्यतः अभिकल्पकाच्या विवेकावर अवलंबून आहेत.

या विवेकाचा संबंध केवळ नीतीशी नसून स्रोताच्या अस्तित्वाशीही आहे. टसरचा कोश ऐन-अर्जुनाच्या वनावर, धागा कोश राखणाऱ्या कुटुंबांवर व काठ तीन धोटे चालविणाऱ्या विणकरावर अवलंबून असतो. यांतील एक दुवा निखळला, तर उरलेल्यांचे जतन होणे कठीण असते. यंत्रमागाच्या स्पर्धेमुळे विदर्भातील हातमागांची संख्या घटली असून विणकरांची पुढील पिढी अन्य व्यवसायांकडे वळत आहे. संग्रहालयात ठेवलेल्या साडीवरून नक्षी उतरविता येते. परंतु धागा ताणताना विणकराच्या हाताला जे समजते, ते तिच्यावरून पुरतेपणी समजत नाही. अभिकल्पकाने विणकराला नव्या मागणीच्या रूपाने काम दिले, तर स्रोत चालू राहतो व पुढील अभिकल्पकालाही त्यापासून काही घेता येते.